तीनशे दोन नंबरची घरमालकीण

भांडगावच्या शिवारात, सोलापूर हायवेला लागून 'नंदनबाग' नावाची टाउनशिप उभी राहत होती, ते साल २००६. उभी राहत होती म्हणजे एक इमारत पुरी झाली होती, दुसरीचे नुसते खांब वर आले होते आणि बाकीच्या चौदा इमारती ऑफिसातल्या नकाशावर होत्या. नकाशावर शाळा होती, दवाखाना होता, पोहण्याचा तलाव होता. हायवेवरच्या भल्यामोठ्या बोर्डावर लिहिलं होतं, 'पुणं आता तुमच्या दारात!' पुणं तिथून चांगलं पन्नास किलोमीटर लांब होतं. पण ते ज्या वेगानं हडपसर ओलांडून इकडं सरकत होतं, तो बघता बोर्ड लिहिणाराला फार दोष देता आला नसता.

त्या इमारतीत फरशी बसवायचं काम गावातल्या रहीम शेखकडं होतं. रोज संध्याकाळी तो सिमेंटनं पांढरे झालेले पाय धुवायचा आणि बायकोला फरशीचं कौतुक सांगायचा.

"आरशावानी हाय. वाकून बघितलं की तोंड दिसतं."

बिबीजान वर्षभर हे ऐकत होती. घरात तिची स्वतःची जमीन शेणानं सारवलेली.

"अजी, मग मला बी एकदा दावा की त्यात तोंड."

"वॉचमन सोडत न्हाई. गिऱ्हाइकालाच आत सोडत्यात."

त्यामुळं एका शुक्रवारी टाउनशिपचा सेल्स ऑफिसर स्वतः दारात येऊन "मावशी, रविवारी बिल्डिंगमध्ये याल का?" असं म्हणाला, तेव्हा बिबीजानला ते खोटंच वाटलं.

हा सेल्स ऑफिसर इंद्रजीत मूळचा वडगाव रासाईचा, शेतकऱ्याचा मुलगा. बी.कॉम. होऊन पुण्याला गेला होता आणि आता गळ्यात टाय बांधून कंपनीच्या गाडीनं येऊन-जाऊन करत होता. त्याची अडचण अशी होती की, दर रविवारी कंपनी पुण्याहून गिऱ्हाइकांची बस आणायची. माणसं उतरायची, इमारत बघायची आणि विचारायची, "इथं राहतं कोण?" राहत कुणीच नव्हतं. मग माणसं फुकटचं जेवण जेवून बसमध्ये बसायची.

"मोठे साहेब म्हणाले, बिल्डिंग भरलेली दिसली पाहिजे," इंद्रजीतनं सांगितलं. "तुम्ही फक्त रविवारी तीनशे दोन नंबरमध्ये बसायचं. घर तुमचंच आहे असं समजून. दिवसाचा रोज मिळेल, वर जेवण."

"आन् करायचं काय?"

"काही नाही. राहायचं."

बिबीजानला हसू आवरेना. राहायचा पगार द्यायला लागलेत म्हणजे शहरं भलतीच पुढं गेली, असं तिला वाटलं. रोजाचं तिला फार काही नव्हतं. तिला फरशी बघायची होती. ती हो म्हणाली.

शेजारच्या तीनशे एकमध्ये तिची शेजारीण झुंबरबाई होती. खाली बाकावर गावातले चार म्हातारे धुवट कपड्यांत बसवले होते. बिबीजाननं पहिल्याच रविवारी वाकून फरशीत तोंड बघितलं. रहीम खोटं बोलला नव्हता. बाकी सगळंच खोटं होतं. टेबलावरची सफरचंदं मेणाची होती. झुंबरबाईनं त्यातलं एक चावून बघितलं आणि दाताची खूण दिसू नये म्हणून भिंतीकडं फिरवून ठेवलं. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. गॅलरीत वाळत टाकायला इंद्रजीतनं बिबीजानच्याच दोन साड्या आणवल्या होत्या.

मग त्यानं सगळ्यांना गोळा करून शिकवलं. "विचारलं तर सांगायचं, सहा महिने झाले राहायला येऊन. हवा चांगली आहे. शांतता आहे. पाणी चोवीस तास."

"हवेचं खरं हाय," बिबीजान म्हणाली. "पर नळाला तर पानी न्हाई. खाली टँकर येतो, त्यो बी बांधकामाला."

"येणार आहे, मावशी."

"मग 'येनार हाय' म्हणते."

"'आहे' म्हणायचं."

"बाकीचं काय बी म्हणते, सायेब. पान्याचं खोटं मला बोलवायचं न्हाई."

"मग पाण्याचं कुणी विचारलं तर हसा नुसतं," इंद्रजीत वैतागून म्हणाला.

झुंबरबाईला असल्या कसल्याच अडचणी नव्हत्या. पहिली जोडी दारात आली तशी ती सुरू झाली. मुलगा दुबईला असतो, सूनबाई इंजिनेर हाय. बोलता बोलता तिला नकाशावरचा तलाव आठवला. "म्या तर रोज सकाळी पवते! गुडघं दुखायचं पार थांबलं बगा." पोहण्याचा तलाव म्हणजे तेव्हा इमारतीमागचा खड्डा होता आणि त्यात गावातल्या मच्छिंद्राची म्हैस बसायची. पण झुंबरबाईचं बोलणं ऐकून दोन बुकिंग झाली. इंद्रजीत खूश. बिबीजान दिवसभर हसून हसून गाल दुखवून घरी आली.

दुसऱ्या रविवारी तीनशे दोनच्या दारात एक तिशीतली बाई आणि तिचा सासरा आला. बाईचं नाव अनिता, पुण्यात नर्स होती. सासरा सावळाराम सत्तरीचा, हातात काठी. अनितानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, तेव्हाच बिबीजानला ती आवडली. आधीच्या सगळ्यांनी त्या आरशासारख्या फरशीवर बूट घालून फेऱ्या मारल्या होत्या.

"या, बसा," बिबीजान म्हणाली. "हवा चांगली हाय."

"हो, छानच आहे," अनिता म्हणाली. ती प्रत्येक भिंतीला हात लावून बघत होती. "आम्ही येरवड्याला राहतो, मावशी. दोन खोल्या, पाच माणसं. पाणी पहाटे चारला येतं आणि पाचला जातं. माझी नाईट ड्यूटी असली की हे मामंजी भरतात. म्हणून तर एवढ्या लांब घर बघतोय. इथं पाणी कसं आहे?"

बिबीजान हसली.

अनितानं जरा वाट बघितली. बिबीजान आणखी हसली. एवढ्यात सावळारामनं विचारलं, "बाई, संडास कुठंय? दीड तास बसमध्ये बसून आलोय."

असलं काही होईल, हे इंद्रजीतनं शिकवलंच नव्हतं. बिबीजान "ते नगं, आबा, खाली चला" म्हणेपर्यंत म्हातारा आत गेला आणि कडी लागली. बाहेर दोघी उभ्या. बिबीजानचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. जरा वेळानं आत नळ फिरवल्याचा आवाज आला. मग दुसरा नळ. मग फ्लशची साखळी दोनदा ओढल्याचा आवाज. मग सावळारामचा.

"सूनबाई! अगं, इथं पाणी नाहीये!"

बिबीजाननं स्वयंपाकघरातून स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा तांब्या आणला आणि दार किलकिलं करून आत सरकवला. वळून बघते तर अनिता कमरेवर हात ठेवून उभी.

"मावशी, खाली ते साहेब म्हणाले, सहा महिने झाले ना तुम्हाला इथं?"

बिबीजानला घाम फुटला. सहा महिन्यांचं ती बोलून गेली असती, मुलगा दुबईला आहे हेही बोलली असती. पण पहाटे चारला उठून पाणी भरणारा म्हातारा आत तांब्याभर पाण्यावर भागवत होता, आणि त्याची सून समोर उभी होती.

"न्हाई गं माझे बाई," ती म्हणाली. "मी इथली न्हाई. ह्ये पलीकडं पत्रं दिसत्यात न्हवं, त्यातलं तिसरं घर माझं. ह्ये घर कुणाचंच न्हाई. सफरचंद मेनाचं हाय. नळ नुसतं भिंतीला अडकवल्यात. पैसं भरू नगंस. आधी पानी दावा म्हणावं, मग भरते म्हणावं."

अनिता चिडेल असं तिला वाटलं होतं. अनितानं टेबलावरचं सफरचंद उचललं, फिरवलं, दाताची खूण बघितली आणि तिला असं हसू फुटलं की ती खाली फरशीवरच बसली. मग डोळे पुसून उठली, सासऱ्याला घेतलं आणि जिना उतरली.

खाली इंद्रजीत तीसेक माणसांना नकाशा समजावून सांगत होता. अनिता शांतपणे म्हणाली, "साहेब, तीनशे दोनमधला नळ जरा चालू करून दाखवता?"

इंद्रजीत म्हणाला, "मॅडम, मेंटेनन्स चालू आहे." पण तोवर सावळारामनं काठी आपटून आपली हकिकत मोठ्यानं सांगायला सुरुवात केली होती. पाच मिनिटांत तीसची तीस माणसं इमारतभर पांगली. प्रत्येक मजल्यावर नळ फिरायला लागले. नळातून सूं सूं असा वारा येत होता. एक गृहस्थ तीनशे एकमध्ये शिरले, तर झुंबरबाई दोन बायकांना सांगत होती, "पानी म्हंजी काय, पवून पवून कटाळा येतो!"

बस जेवणाच्या आधीच निघून गेली. पन्नास माणसांचा मसालेभात गावातल्या म्हाताऱ्यांनी संपवला.

"मावशी, वाटोळं केलंत माझं," एवढंच इंद्रजीत म्हणाला आणि टाय सोडून जिन्यात बसला.

घरी रहीमनं जेवताना तोंड उघडलं नाही. काम जाईल, ही धास्ती त्याला होती. बिबीजाननं दोनदा भाकरी वाढली, तिसऱ्यांदा म्हणाली, "बोला तरी."

"काय बोलू? फरशी म्या बसवली, ती खरी हाय," रहीम म्हणाला. "नळ म्या न्हाई जोडलं." यापेक्षा जास्त बाजू तो कधी कुणाची घेत नसे. बिबीजानला तेवढं पुरलं.

पुढं महिनाभर एकही बुकिंग झालं नाही. येरवड्यापासून हडपसरपर्यंत बातमी पसरली की भांडगावला नळातून वारा येतो. आणि मग एका दुपारी इंद्रजीत तिच्या पत्र्याच्या दारात उभा राहिला. ती घाबरलीच, पण त्याचा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, "जेवलास का?" 'तुम्ही' आणि 'सायेब' तिकडं इमारतीतच राहिलं होतं.

तो जेवला. जेवता जेवता बोलायला लागला. घरं विका नाहीतर नोकरी सोडा, म्हणून साहेबांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती. वडगावला परत जायची लाज वाटत होती. पुण्यात कॉट बेसिसवर राहत होता, एका खोलीत सात जण.

"आंघोळीचा नंबर माझा पाच चाळीसला लागतो, मावशी. दहा मिनिटं उशीर झाला की टाकी संपते. मग तसंच टाय बांधून कामावर."

बिबीजाननं हातातली पळी खाली ठेवली. "आरं, मग तुला तर कळाया पायजे हुतं!" ती कडाडली. "दुसऱ्याला मेनाचं सफरचंद दावतोस? तुज्या सायबाला जाऊन सांग, पाच चाळीसला उठून बघ म्हणावं एकदा!"

इंद्रजीत खाली मान घालून आमटी भुरकत राहिला. पण तिचं बोलणं त्याला कुठंतरी लागलं असावं. तो खरोखरच साहेबांकडं गेला. पाच चाळीसचं बोलला की नाही ठाऊक नाही, पण पाण्याशिवाय एकही घर विकणार नाही, हे त्यानं टेबलावर हात ठेवून सांगितलं. साहेबांनाही महिनाभराची रिकामी बस दिसत होती. कालव्याकाठची एक विहीर कंपनीनं घेतली, पाइप टाकला, गच्चीवर टाक्या चढल्या. दिवाळीच्या सुमारास नळाला पाणी आलं.

पाणी आलं, पण विश्वास कोण ठेवणार? इंद्रजीतनं अनिताला फोन केला. ती म्हणाली, "तुमचं ऐकून मी येणार नाही. त्या मावशी म्हणाल्या, तरच येईन."

असा बिबीजानला दुसऱ्यांदा मान मिळाला. ती म्हणाली, "मी सांगंन. पर आठ दिस मी सोता बघनार. सकाळ-संध्याकाळ, समद्या मजल्यावर."

आणि ती खरोखरच गेली. वॉचमन आता उठून उभा राहायचा. वीस घरांचे नळ ती एकेक करून सोडायची, हाताखाली धरायची, बंद करायची. झुंबरबाई मागोमाग साक्षीला. पाचव्या दिवशी संध्याकाळी चौथ्या मजल्यावर पाणी चढेना.

"चालायचंच की," झुंबरबाई म्हणाली. "एका मजल्याचं काय एवढं?"

"चौथ्यावर मान्सं न्हाई ऱ्हानार व्हय, आक्का?"

इंद्रजीतला मोठी मोटर बसवायला लागली. आठ दिवस परत पहिल्यापासून मोजायला लागले, ते वेगळंच.

नवव्या दिवशी बिबीजाननं ऑफिसच्या फोनवर अनिताला सांगितलं, "पानी हाय. हायवेचा आवाज रातभर येतो, ते बी सांगते. डास लई हायत. तळं मातूर न्हाई, म्हशीचा खड्डा हाय. आता तू ठरीव."

अनिता दुसऱ्या दिवशी आली आणि तिनं तीनशे दोनच घेतलं. पुढं रविवारी बस आली की लोक नकाशाकडं न जाता विचारायचे, "त्या मावशी कुठं आहेत?" बिबीजान डासांपासून सुरुवात करायची. इंद्रजीतला पहिले दोन रविवार घाम फुटला, मग सवय झाली. वर्षभरात इमारत भरली. त्यातला तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट इंद्रजीतनं कंपनीकडून भाड्यानं घेतला. आता तो आठ वाजता आंघोळ करतो आणि अर्धा तास करतो, अशी वरच्यांची तक्रार असते.

तक्रार सावळारामचीही आहे. येरवड्यात नळावर रोज कुणाशी तरी भांडण व्हायचं. इथं सगळ्यांची दारं बंद, भांडायला माणूस नाही. म्हणून तो दुपारी काठी टेकत बिबीजानच्या अंगणात येतो. झुंबरबाई तिथं असतेच.

"हे काही पुणं नव्हे," तो बसल्या बसल्या म्हणतो.

"मग आलाव कशाला?" झुंबरबाई विचारते. "आमी बलिवलं हुतं?"

तिथून पुढं तासभर जुंपते. बिबीजान मधे पडत नाही. ती चहा ठेवते, आणि दोघांचं ऐकता ऐकता कधी कधी साखर टाकायची विसरते.