सातशेबारा चढ चढतं

किन्हवलीच्या कमळू धानकेने रेल्वेच्या डिझेल शेडात इंजिनं दुरुस्त करण्यात तीस वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून जास्त तर एकाच इंजिनाच्या पोटात गेली, असं त्याची बायको चंदा म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. इंजिनाचा नंबर लांबलचक होता, पण शेडात सगळे त्याला शेवटच्या तीन आकड्यांनी ओळखत. सातशेबारा. मालगाड्या ओढायला बांधलेलं, एकतीसशे घोड्यांच्या ताकदीचं धूड. आत सोळा सिलिंडर धडधडायचे, त्यावर वीज तयार व्हायची आणि त्या विजेवर खालच्या सहा मोटरी चाकं फिरवायच्या. आपलं पॉवर हाऊस आपल्याच पाठीवर घेऊन हिंडणारं जनावर, असं कमळू नव्या माणसांना समजावून सांगे.

या जनावराने सिमेंट ओढलं, कोळसा ओढला, खत ओढलं, कांदा ओढला. एके वर्षी ते वाटेत एकदाही बंद पडलं नाही, तेव्हा साहेबांनी शेडभर पेढे वाटले होते. कमळूने आपल्या वाटणीचे चार पेढे न खाता किन्हवलीला घरी नेले.

मग सगळीकडे विजेच्या तारा आल्या. डिझेलची इंजिनं एकेक करून गेली. सातशेबारा पावसाळ्यापासून शेडामागच्या रुळावर उभं होतं. गुरुवारी वरून कमिटी येणार होती, आणि ती काय लिहून जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भंगार. कामात येतील तेवढे भाग बुधवारपासून काढायला घ्या, असं साहेबांनी कमळूला सांगून ठेवलं. कमळूने वाद घातला नाही. निवृत्तीला त्याचे स्वतःचेच पाच महिने राहिले होते. दर सोमवारी तो सातशेबारा दहा मिनिटं चालू करून ठेवत असे. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी परतीच्या पावसाची वावटळ उठली आणि खर्डीच्या पलीकडे एक झाड विजेच्या तारेवर पडलं. तार तुटली, पार आटगावपर्यंतची वीज गेली. आटगाव सोडून चढाला लागलेली एक कंटेनरची मालगाडी तिथेच अडकली. तिचं विजेचं इंजिन धडधाकट होतं, पण वरून वीजच नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार? शेडातलं एकमेव चालू डिझेल इंजिन लांब कुठेतरी कामाला गेलेलं.

साहेब स्वतः चालत मागच्या रुळावर आले. सातशेबारा चालू होईल का, त्यांनी विचारलं.

"चालू होईल, साहेब," कमळू म्हणाला. "रेटील का, ते तिथं गेल्यावर कळंल."

त्याने पाणी पाहिलं, तेल पाहिलं, बॅटऱ्या पाहिल्या. बटण दाबून धरलं तसं इंजिन आधी कण्हलं, मग एक काळा लोट आभाळात सोडून धडधडायला लागलं. शेडातून माणसं बघायला बाहेर आली.

ड्रायव्हर म्हणून आली दामिनी. ती डोळखांबच्या एका पाड्यावरची, बत्तीस वर्षांची. नोकरीच्या सुरुवातीला डिझेलवर असिस्टंट होती, तेव्हा डबा खायच्या सुट्टीत कमळूकडे येऊन शंका विचारायची. तिच्या बरोबरच्यांनी विजेच्या इंजिनावर गेल्यावर डिझेलचं सर्टिफिकेट सोडून दिलं. तिने मात्र दर वेळी परीक्षा देऊन ते चालू ठेवलं होतं. कॅबमध्ये चढल्या चढल्या तिने कमळूला बाजूच्या सीटकडे बोट दाखवलं. इतके महिने उभं असलेलं इंजिन आपण एकटी नेणार नाही, काकांनी बरोबर यायलाच हवं, असं तिने साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं.

आसनगाव गेलं, आटगाव गेलं. दोन्हीकडे भाताची कापणी चालली होती. बायका विळे थांबवून इंजिनाकडे बघत होत्या.

अडकलेल्या गाडीची शेपटी नेमकी एका फाटकावर आली होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोटारसायकली, भाताच्या भाऱ्यांचा टेम्पो, शाळेची गाडी. दोन तास वाट बघून लोक कंटाळले होते आणि डब्यांच्या खालून वाकून पलीकडे जात होते. दामिनीने सातशेबारा गार्डच्या डब्याला मागून जोडलं, ब्रेक सुटावेत म्हणून गाडीभर हवेचा दाब भरला, पण हलवायचं नाव घेईना. खालून एकही माणूस जाणार नाही अशी गार्डने खात्री दिल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणाली. गार्ड शिट्टी वाजवत पार पुढपर्यंत जाऊन आला. तेवढ्यात पंधरा मिनिटं गेली.

मग तिने हळूहळू जोर दिला. इंजिन गरजलं, डबे एकमेकांवर आदळत गेले, आणि फट्कन सगळी ताकद गेली. पॅनेलवर लाल दिवा लागला. एखाद्या मोटरीत वीज गळत होती. कमळू मागच्या कपाटाशी गेला आणि एकेक मोटर बंद करून बघू लागला. चौथी बंद केल्यावर दिवा विझला. पावसाळाभर उभं राहून तिच्यात ओल शिरली होती.

"चौथी गेली," तो परत येऊन म्हणाला. "ती सोडून दिली. बाकीच्या चांगल्या हायेत."

"त्यांच्यावर चढंल का, काका?"

"चढंल. तू घाई करू नको."

दामिनीने पुन्हा जोर दिला. आता लाल दिवा लागला नाही, पण पावसाने ओल्या झालेल्या रुळांवर चाकं जागच्या जागी गरगरली. अशा वेळी इंजिनाच्याच पेटीतली वाळू नळ्यांतून चाकांपुढे पडते. दामिनीने ते बटण दाबलं. वाळू पडेना. कमळू खाली उतरला, नळीवर पान्हा आपटून पाहिला. आत वाळू ओल धरून दगड झाली होती. त्याने सगळं तपासलं होतं, आणि हे राहून गेलं होतं.

फाटकाला लागून एका घराचं बांधकाम चाललं होतं. ओट्यावर ताडपत्रीखाली वाळूचा ढीग. घरमालक विठू सकाळपासून तिथेच उभा होता. कमळूने त्याला विचारलं मात्र, त्याने बोलण्यात वेळ घालवला नाही, ताडपत्रीच ओढून काढली. टेम्पोवाला, मोटारसायकलवाले, भारे घेऊन बसलेल्या दोन बायका, सगळ्यांनी घमेली उचलली. रुळाजवळ मात्र दामिनीने कुणाला येऊ दिलं नाही. लोकांनी घमेली कडेला आणून ठेवायची, आणि कमळू नि गार्डने ती वाळू चाकांच्या पुढे रुळांवर मुठीमुठीने पसरायची. कमळूचे गुडघे खडीने सोलून निघाले.

सगळे दूर झाले, कमळू कॅबमध्ये परतला, तेव्हा दामिनीने तिसऱ्यांदा जोर दिला. चाकांखाली वाळू करकरली. मोटरींवरचा भार दाखवणारा काटा चढत चढत लाल पट्ट्याच्या कडेला आला आणि तिथेच थरथरत राहिला. काही क्षण काहीच झालं नाही. मग गार्डचा डबा वीतभर पुढे सरकला. मग हातभर. शेवटचं चाक रस्त्यावरून पार झालं तेव्हा शाळेच्या गाडीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते कमळूला दिसलं, ऐकू मात्र आलं नाही. इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं.

खर्डीपर्यंत माणसाच्या चालीने जायला पाऊण तास लागला, पण सातशेबारा थांबलं नाही. गाडी बाजूच्या रुळावर लागली. मागची वाट मोकळी झाली.

गुरुवारी कमिटी आली. मंगळवारची गोष्ट तोवर त्यांच्या कानांवर गेली होती. तिघांतल्या सर्वांत मोठ्या साहेबांनी थेट कमळूलाच विचारलं, की या इंजिनात आता दम आहे का? कमळूला वाटलं, होय म्हणावं आणि मोकळं व्हावं. वाळूच्या नळ्यांचं कमिटीला कुणी सांगितलं नव्हतं. त्या त्याने बुधवारी साफही केल्या होत्या.

"दम हाय, साहेब," तो म्हणाला. "पण चौथी मोटर बदलावी लागंल. आनि वाळूच्या नळ्या चोंदल्या होत्या. दर सोमवारी इंजिन चालू करायचो, पण नळ्या बघितल्या नाय. ती चूक माझी."

मोठ्या साहेबांनी इंजिनाला एक फेरी घातली, कॅबमध्ये चढले, बऱ्याच वेळाने उतरले. कागदावर भंगार लिहिलं गेलं नाही. मोटर बदलून हे इंजिन अडीअडचणीसाठी राखून ठेवावं, असं लिहिलं. मात्र एक अट घातली. इंजिन ओळखणारा माणूस पाच महिन्यांनी घरी बसणार असेल, तर त्याआधी त्याने सहा जण तयार करावेत.

संध्याकाळी कमळूने हे चंदाला सांगितलं. चंदाचं माहेर मुरबाडचं. तिथे रेल्वे नाही, आणि रेल्वेतला जावई एसटीने येतो म्हणून तिचे भाऊ अजून थट्टा करतात. आमच्या मुरबाडला कधी रेल्वे आलीच, तर तीही विजेचीच येईल ना, मग ही डिझेलची माणसं कशाला तयार करायची, असं तिने विचारलं. कमळू हसला. नवी लाईन टाकताना तार सगळ्यात शेवटी येते, तो म्हणाला. आधी रूळ लागतात, खडी लागते, आणि ती घेऊन डिझेलचंच इंजिन पुढे जातं. चंदाने भाजी परतता परतता मान हलवली आणि सांगितलं, की मग नीट शिकव, रागावू नकोस. तुझा आवाज चढतो.

सोमवारी सहाही जण आले. दामिनीला सुट्टी होती, तरी ती आली. पहिली पाळी नम्रता नावाच्या मुलीची होती. आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी ती लागली होती, आणि आजवर तिने विजेचंच इंजिन उघडलं होतं. तिने पाणी पाहिलं, तेल पाहिलं, सगळं मोठ्याने बोलत पाहिलं. बटण दाबलं, पण आवाजाने दचकून लवकर सोडलं. इंजिन कण्हून गप्प झालं.

कमळूचा हात आपसूक पुढे गेला होता. त्याने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"तेलाचा दाब चढू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "तोवर सोडू नको."

नम्रताने काट्यावर नजर ठेवली आणि बटण पुन्हा दाबलं.