अर्ध्यावर ठेवलेला आवाज

मी दारावर आधी थाप मारली, मग मूठ आपटली, शेवटी चक्क लाथ घातली. दार उघडेना. आत टीव्हीवर भजन असं गरजत होतं की खिडकीची काच थरथरत होती. कोपऱ्यावर फराळाचं ताट द्यायला गेले ती घटकाभरच. तेवढ्यात ह्या माणसानं काय आरंभलं होतं देव जाणे!

समोरच्या ओट्यावर शैलजा पणत्या मांडत होती. ती हसली. "काकी, काकाजींची आतिशबाजी तर आत्ताच सुरू होऊन गेली!"

मला हसू आलं नाही. माझा जीव आत बुंदीपाशी होता.

बुंदी आमची कुत्री. आता म्हातारी झाली आहे. गेल्या दिवाळीत फटाक्यांना भिऊन साखळी तोडून पळाली आणि गढा वस्तीतल्या बाजारामागे एका नालीत सापडली, नखं उपसलेली. यंदा जनावरांच्या डॉक्टर यामिनीबाईंनी तिची छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं, "अंकल जी, इस बार उतना डरी तो इसका दिल नहीं झेल पाएगा." तिला आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या-पडदे लावा, लपायला जागा करा, आणि फटाके सुरू व्हायच्या आधीच टीव्ही लावा, म्हणजे बाहेरचे आवाज झाकले जातील. "बस, धीमे-धीमे," असंही त्या म्हणाल्या होत्या. ह्यांनी मान डोलावली. काही ऐकू आलं नाही की आमच्या ह्यांची मान जरा जास्तच डोलते.

ह्यांनी जन्मभर तोफगोळे फोडून तपासायच्या खात्यात नोकरी केली. कानात कापूस घालायला मिळायचा, पण त्यानं गुदगुल्या होतात म्हणून हे काढून टाकायचे. आता कानाचं मशीन घ्या म्हटलं की भांडण. "मले येते ऐकू. तुम्हीच लोकं तोंडातल्या तोंडात बोलता!"

मी मागच्या दारानं आत शिरले. खोलीत पाय ठेवला आणि खाली वाकले. बुंदी पलंगाखाली भिंतीला चिकटली होती. तोंडाला फेस, खाली ओलं, पंज्यातून रक्त. दार ओरबाडल्यानं आलं असावं. आणि हे तिच्यापुढे पालथे पडून, डोळ्यांत पाणी आणून तिला चुचकारत होते, "भिऊ नको माय, बाहेर फुटून राहिले ते, इथं नाही."

मी टीव्ही खाडकन बंद केला.

"बंद काहून केला?" हे कळवळून ओरडले. "तिले फटाके ऐकू येतील ना!"

"अहो, बाहेर अजून एक फटाका फुटलेला नाही!" मी नेहमीसारखी कानाशी जाऊन ओरडले. "सगळे पूजेला बसलेत. टीव्हीनंच मेली असती ती! गल्लीभर ऐकू जात होतं!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे रिमोटकडे बघत राहिले.

"म्या तर अर्ध्यावर ठेवला होता," ते म्हणाले. "बारीक येत होता आवाज."

मी रिमोट हातात घेतला. टीव्ही पुन्हा लावला आणि आवाज उतरवत उतरवत डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेवढ्यावर आणला. पडद्यावर भजनी मंडळ डोलत होतं.

"चालू हाय?" ह्यांनी विचारलं.

"चालू आहे."

ते उठून टीव्हीजवळ गेले. वाकून कान जवळ नेला. गाणाऱ्या बाईचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि माझा नवरा तिच्याकडे बघत होता. मला इतकं वाईट वाटलं की तो टीव्ही उचलून नर्मदेत फेकावा.

थोड्या वेळानं बुंदी सरपटत बाहेर आली. ह्यांनी हळद लावून तिचा पंजा बांधला, मांडीवर घेतली, वरून माझी जुनी गोधडी घातली. तेवढ्यात बाहेर फटाक्यांची पहिली लड लागली. बुंदी दचकली, पण ओरडली नाही. गोधडीत तोंड खुपसून धापा टाकत राहिली. ह्यांनी हात तिच्या छातीवर ठेवला होता. हळूहळू धाप कमी झाली.

"वाचली," मी म्हणाले. अर्थात ओरडूनच.

हे माझ्याकडे पाहू लागले. वाटलं, आता टीव्हीवरून माझ्यावर चिडतील.

"अंजनी, तू माह्याशी दिवसभर असंच ओरडून बोलते का?"

आमच्या लेकीच्या, सुखदाच्या लग्नात, तिला निरोप देतानासुद्धा ह्यांच्यासाठी मी ओरडत होते. पाहुणे समजले, नवरा-बायकोचं वाजलंय.

"हो," मी म्हणाले.

"थकत असशील."

मी पदर तोंडाला लावला.

"सणावाराचं रडू नको," ते म्हणाले. "दुकानं उघडली का मशीन घेऊन येऊ. आज हळू बोल. मी तोंडाकडे पाहतो."

"चहा ठेवू?" मी अगदी हळू विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला, कुणा दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा.

ते माझ्या ओठांकडे एकटक बघत होते. बाहेर आख्खी गल्ली दणाणत होती.

"परत म्हण," ते म्हणाले.

मी परत म्हणाले, तितक्याच हळू.