मैत्रीचा पट्टा

आमच्या घरात शिडीला कोणी भीत नाही. शिडी म्हणजे माझी भाची, भावाची मुलगी. उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी आणि आवाज मुंगीएवढा. तिच्या खुर्चीत मांजर बसलं तर ही उभ्याने जेवते. वहिनीने केस किती कापायचे ते ठरवलं की "हूं". भावाने कॉलेज ठरवलं की "हूं". "माझं चष्म्याचं दुकान पुढे तूच बघायचंस हं," असं मी म्हटलं, तेव्हाही "हूं". मी लगेच काउंटरमागे तिच्या मापाची उंच खुर्ची करून घेतली. ती संध्याकाळी तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते आणि तिथून येताना तिचा चेहरा उजळलेला असतो, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण पाण्यात भिजून कोणाचं भलं झालंय?

मग वहिनीने तिचे फोटो परस्पर कुठेतरी पाठवले, आणि देशभरातून सुंदरी निवडायची जी स्पर्धा असते, तिच्यात आमची शिडी थेट शेवटच्या चोवीस जणींत गेली. घरात बैठक बसली. मुकुट मिळाला तर पुढचं तिचं तिने ठरवावं, नाही मिळाला तर परत आल्या आल्या दुकानात बसावं, असं मी जाहीर केलं. सगळ्यांनी शिडीकडे पाहिलं. "हूं," शिडी म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी वहिनीचा पाय मुरगळला आणि सोबत जायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं होतं, सुंदर मुली नटतील, चालतील, परीक्षक नंबर देतील, संपलं. छे! हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकलं तर हेअर स्प्रेचा असा धूर की मला ठसका लागला. त्या धुरातून टाचा वाजवत मुली येत-जात होत्या. कोणी डोक्यावर पुस्तक ठेवून, कोणी वळताना खांदा कुठे ठेवायचा ते पुटपुटत. हसताना ओठ अडकू नयेत म्हणून दातांना व्हॅसलीन. पोहण्याचा पोशाख जागचा सरकू नये म्हणून मागून गोंदाचा फवारा. शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याची घोकंपट्टी तर बाथरूममधूनही ऐकू यायची, आणि प्रत्येक दारामागे जगात शांतताच नांदत होती.

शिडीच्या खोलीत दुसरी मुलगी होती, गोल डोळ्यांची, तिला मी बाहुली म्हणू लागले. तिची आई या खेळातली मुरलेली. थोरल्या मुलीला घेऊन ती आधी एकदा इथे येऊन गेली होती. तिनेच मला पहिल्या दिवशी कोपऱ्यात घेतलं.

"मैत्रीच्या पट्ट्यापासून मुलीला सांभाळा," ती म्हणाली. "स्पर्धेतल्या मुलीच आपसात मतं टाकून सगळ्यांत चांगली मैत्रीण निवडतात. तिला खांद्यावरून आडवा घालायचा तो पट्टा मिळतो. आणि जिला पट्टा, तिला मुकुट नाही. आजवर एकदाही नाही."

आमची शिडी म्हणजे गरीब गाय. तो पट्टा तिच्याशिवाय जाणार कुठे? मला दुकानासाठी ती हवी होती, हे खरं. पण एकदा मैदानात उतरल्यावर हरणं मला जमत नाही. मी तिला समोर बसवलं आणि उद्धटपणाची शिकवणी सुरू केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात माझा हात कोण धरणार?

"उद्या कोणाच्या तरी कपड्यांना नाव ठेव," मी म्हटलं.

"हूं."

दुसऱ्या दिवशी ती एका मुलीला म्हणाली, "हा रंग तुला शोभत नाही." मी मनात शाबासकी दिली. तेवढ्यात ही पुढे म्हणते, "माझा निळा घालून बघतेस? तुला छान दिसेल." आणि गाऊन देऊनही मोकळी झाली. मग मी तिला कोणाशी बोलायचंच नाही असं बजावलं. तर मुली येऊन हिच्याजवळ मन मोकळं करू लागल्या, कारण मध्ये न बोलता ऐकणारी ही एकटीच होती. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

मग कलेची फेरी आली. कोणी नाचलं, कोणी गायलं, एकीने व्हायोलिन वाजवलं. शिडीने स्टेजवर एक मोठं काचेचं भांडं आणवलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं. केस बांधले, वाकली आणि तोंड पाण्यात घातलं. सभागृह हसलं. मग थांबलं. सूत्रसंचालक आधी विनोद करत होता, मग घड्याळ बघू लागला, मग "डॉक्टर आहेत का?" असं हळूच विंगेत विचारून आला. मी तर खुर्चीतून अर्धी उठले. काचेतून तिचे उघडे डोळे दिसत होते, अगदी शांत. आणि मग ती वर आली. काजळ हनुवटीपर्यंत ओघळलेलं, केसांचं वाटोळं झालेलं, आणि ती हसत होती, मोठ्याने, अगदी खदखदून. ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. सगळं सभागृह उभं राहिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, का ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मतं पडली आणि मैत्रीचा पट्टा शिडीला मिळाला. तेवीसच्या तेवीस जणींनी तिलाच मत दिलं होतं. चोविसावं तिचं स्वतःचं, ते स्वतःला देता येत नाही.

"वाटलंच होतं," कॉरिडॉरमध्ये मी बाहुलीच्या आईला म्हटलं. "माझी भाची फार गोड पडली."

ती माझ्याकडे कीव करून बघत राहिली. "अहो, इथे गोडपणाला मत कोण देतं? जिची धास्ती वाटते, तिच्या गळ्यात पट्टा मारायचा, म्हणजे मुकुटाचा विषय मिटला. कालच्या त्या पाण्याने सगळ्यांची झोप उडवलीय."

मी खोलीत गेले. शिडी आंघोळीच्या झग्यावर पट्टा घालून आरशासमोर उभी होती.

"आत्या, तेवीस!" ती म्हणाली.

तिचा चेहरा तरणतलावावरून येते तेव्हासारखा उजळला होता. शाळेपासून एक धड मैत्रीण नसलेली ही पोर. खरं माझ्या जिभेच्या टोकावर होतं, आणि मी ते गिळलं. "मुली चांगल्या आहेत हो," एवढंच म्हटलं.

शेवटच्या फेरीत ती पाच जणींत पोचली. प्रश्न आला, "जग बदलायचं असेल तर सुरुवात कुठून कराल?" शिडी म्हणाली, "विचार करून सांगते." आणि खरंच विचार करत उभी राहिली, घंटा होईपर्यंत. बाहुलीने शांततेचं उत्तर दिलं आणि मुकुट तिच्या डोक्यावर गेला. शिडीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली, टी-शर्टवर तोच पट्टा घालून. माझ्याने राहवेना.

"शिडे, मुकुटाचं मनाला लावून घेऊ नकोस. इतक्या मैत्रिणी मिळाल्या, तेही काही कमी नाही."

"आत्या, तुला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "मत कोणाला द्यायचं असतं ते बाहुलीने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. माझं मत मी तिलाच दिलं. बघ, बरोबर ओळखलं होतं की नाही?"

"अगं, मग मी एवढा उद्धटपणा शिकवत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने शिकवत होतीस."

मी थक्क. "आणि मग आरशासमोर खूश कसली होत होतीस?"

ती पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. "तेवीस जणींना माझी भीती वाटली, आत्या. माझी! आपलं मांजर मला खुर्चीतून उठवतं." मग ती माझ्याकडे वळली. आवाज तेवढाच, मुंगीएवढा, पण आज त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "मी दुकानात बसणार नाही. मी मुलांना पोहायला शिकवणार. ती खुर्ची विकून टाक."

ठरलं काय होतं, बोलणं काय झालं होतं, चष्म्याच्या दुकानात काय वाईट आहे, सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी तोंड उघडलं. ती बघत होती, पाण्यातून बघत होती तशी, शांत, न पापणी लववता.

"हूं," मी म्हणाले.