उपाशीपोटीची गोळी

माझ्या सासूबाईंना पित्ताचा त्रास जुना. त्यावर थंड दूध देणारी मी, रात्री पाठ चोळणारी मी, आणि चाळभर नाव कुणाचं? धाकट्या जावेचं. नूपुर दादरला राहते, रविवारी येते. तिने तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडून एक गोळी आणून दिली, तेव्हापासून लालबागच्या आमच्या गॅलरीत एकच पालुपद: आमच्या नूपुरची गोळी. मी जळत होते. सरळच सांगते.

पण दीड महिना झाला तरी छातीतली जळजळ काही जाईना. डॉक्टर म्हणाले, गोळीने बरं वाटत नसेल तर दुर्बीण घालून पोट बघावं लागेल. त्या धास्तीने सासूबाईंची जेवणावरची वासनाही उडाली. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि नूपुरची गोळी फसली म्हणून बरंही वाटत होतं.

सोमवारी त्यांनी देवाला दिवा लावला आणि एक गोळी काढून घेतली. आदल्या दिवशी त्या गोळी घेताना दिसल्या नव्हत्या, म्हणून काल का नाही घेतलीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, काल कुठे उपास होता? नूपुरने सांगितलं होतं, ही उपाशी असतानाच घ्यायची. म्हणून बाई सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीला गोळी घ्यायच्या आणि वर संध्याकाळपर्यंत नुसता काळा चहा प्यायच्या!

मला हसू आवरेना. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं. शहाण्या सुनेला साधं समजावून सांगता आलं नाही, हे तिच्याच डॉक्टरसमोर बोलायचं मी ठरवलं आणि तोंड मिटून बसले.

दवाखान्यात नूपुरही आली होती. डॉक्टरांनी आधी वजन, गिळायला त्रास, शौचाला काळं होणं, गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. मग मी उपासाचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पोटात आम्ल सोडणारे पंप असतात, ते खाल्ल्यावर जोरात चालू होतात, आणि चालू असलेल्या पंपांनाच ही गोळी बंद करते. म्हणून रोज सकाळी घ्यायची आणि अर्ध्या तासाने खायचंच. आता महिनाभर नीट घ्या, मग दाखवायला या. परस्पर पुढे चालू ठेवायची नाही. दुर्बिणीचं तेव्हा बघू.

"पण उपासाला घ्यायची, हे सांगितलं कुणी?" त्यांनी विचारलं.

मी याचीच वाट बघत होते. नूपुरचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या माझ्या थोरल्या सुनेन."

डॉक्टरांनी मला चार शब्द सुनावले. मी ऐकून घेतले.

बाहेर आल्यावर नूपुर टॅक्सी बघायला पुढे गेली, तेव्हा मी फणकारले. माझं नाव का घेतलंत?

सासूबाईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "अगो, ती अजून पावणी. तिका लागला असता. तू घरची. तुझ्यार ढकलला तर चलता."

इतकी वर्षं मला जे ऐकायचं होतं, ते हेच होतं. फक्त ते असं ऐकायला मिळेल, असं वाटलं नव्हतं.