ओरिजिनल काच

गाडीची पुढची काच बदलायला एक खोली लागेल, असं अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. पूर्वेकडची, दहा बाय बारा, पंख्यासकट. शिवशरण बिराजदारांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली, तेव्हा त्यांना धक्का वगैरे बसला नाही. नुसता थकवा आला. होटगी रोडला डंपरमधून उडालेला एक बोराएवढा खडा, आणि त्यापायी ही सगळी यातायात.

वर्कशॉपचे गाजूल फार सज्जन गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं, की छोट्या गाडीला गॅलरीत भागतं, पण एसयूव्हीच्या काचेचा आकार पाहता खोलीच द्यावी लागते. लोकल काच चालणार असेल तर नुसत्या माळ्यावर काम होईल. शिडी परत मिळेल.

"लोकल बसवा की ओ," बायको महानंदा म्हणाली. "माळ्यावर काय आहे आपल्या? फुटक्या बरण्या."

पण लोकल काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का नसतो, आणि रविवारी त्यांच्या मुलीला, राजश्रीला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी सोडायला खुद्द व्याही येणार होते. लातूरचे हलकुडे वकील. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी मुलीकडे पाहिलं त्याहून जास्त वेळ बिराजदारांच्या जुन्या गाडीचे टायर पाहिले होते. ही एसयूव्ही त्यानंतरच आली.

"ओरिजिनल," बिराजदार म्हणाले.

फॉर्म भरता भरता गाजूलांनी विचारलं, "खोलीत कुणी राहतं का, साहेब?"

"अजून नाही. मुलगी यायचीय. बाळंतपणाला तीच काढून ठेवलीय."

"येणारं माणूस फॉर्मात बसत नाही," गाजूल हळहळले आणि त्यांनी 'रिकामी' असं लिहिलं.

शुक्रवारी दोन कारागीर आले. एक खोलीत उभा राहिला, एक बाहेर, आणि दोघांनी मिळून भिंतीच्या कडेकडेने तार ओढली. चिकटलेली काच कापून काढतात, अगदी तशी. मग रबरी वाट्या चिकटवून त्यांनी खोली उचलली आणि जिन्यातून आडवी करून खाली नेली. कुठे टवका उडाला नाही. महानंदाने त्यांना चहा दिला. खोली होती तिथे भगदाड पडेल असं तिला वाटलं होतं, पण हॉल आणि स्वयंपाकघर थोडे जवळ सरकले, इतकंच.

दुपारी गाजूलांचा फोन आला. आरशामागे एक सेन्सर असतो, पाऊस ओळखणारा. त्यापोटी स्वयंपाकघर द्यावं लागेल. सोलापुरात त्याला असं कितीसं काम पडणार, हे बिराजदारांनी विचारून पाहिलं. काम पडो न पडो, तो लागतोच, असं गाजूल म्हणाले. जुनी काच तर काढून झाली होती. गोंद आणि रबरापायी मोरीसुद्धा गेली.

शनिवारी काच बसून गाडी परत आली. नवराबायको हॉलमध्ये समोरासमोर बसली, तेव्हा गुडघ्याला गुडघे लागले.

"तिला कुठं निजवायचं?" महानंदाने विचारलं.

"बघू."

"बघू काय? आठवा सरत आलाय तिचा."

"गाडीची मागची सीट आडवी होते," बिराजदार खाली बघत म्हणाले. महानंदाने उशा आणि धुतलेल्या सुती साड्या उचलल्या, आणि गाडीत नेऊन ठेवल्या.

रविवारी वकीलसाहेब उतरले ते थेट काचेशी गेले. वाकून त्यांनी शिक्का वाचला, बोट फिरवून पाहिलं. "ओरिजिनल आहे," ते म्हणाले, आणि वर येऊन चहा घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला. बरं झालं, कारण मजुरीपोटी हॉलही गेला होता आणि तोवर वर काही उरलं नव्हतं. सुनेची बॅग ठेवून ते आल्या वाटेने गेले.

राजश्री अवघडत पुढच्या सीटवर बसली. "दमलेय अप्पा. पडू दे मला जरा."

बिराजदार स्टिअरिंगमागे बसले. समोर पार्किंगची भिंत दिसायला हवी होती. काचेतून दिसत होती ती पूर्वेकडची खोली. पंखा मंद फिरत होता. पलंगावर कुणी नव्हतं. आढ्याला टांगलेला एक पाळणा झुलत होता, तो त्यांच्यापैकी कुणीच आणलेला नव्हता, आणि त्याच्या कडेवर एक चिमुकली मूठ आली होती.

राजश्रीने पोटावर हात ठेवला. मग तो हात उचलून कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"अप्पा, रडतंय ते."

तोंड उघडलेलं स्पष्ट दिसत होतं. आवाज येत नव्हता; काच खरोखरच उत्तम प्रतीची होती. महानंदा घाईघाईने गाडीला वळसा घालून समोर जाऊन उभी राहिली. आतून ती दिसेना.

राजश्रीने दोन्ही तळवे काचेला टेकवले. पलीकडे पाळण्याचे झोके लहान लहान होत चालले होते. तिकडे दोरी ओढायला कुणी नव्हतं.