पिणाऱ्या मेंढ्यांचा फोन

मी दारू आणि गोळ्यांच्या व्यसनातून सुटायला मदत करणारा फोन बोलतोय. गावात माझा नंबर सगळ्यांना पाठ आहे, आणि विचारलंत तर एकालाही तो माहीत नसतो.

सुन्वाला वाटलं होतं, मी दिवसभर खणखणत असेन. कोपनहेगनला सहा वर्षं व्यसनमुक्तीचं शिक्षण घेऊन ती फेरो बेटांवरच्या या आपल्या गावी परतली, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मोठे फलक होते, धावपळ करणारे कार्यकर्ते होते आणि रडत रडत सत्य कबूल करणारी माणसं होती. प्रत्यक्षात तिला सापडलो मी. मासेमारीच्या जाळ्यांच्या गोदामाच्या माळ्यावर, अर्धवट विणलेल्या स्वेटरखाली. शेजारी विणकामाच्या सुया घेऊन बसलेल्या, माझ्यावर येणारे फोन घेणाऱ्या मालानबाई आणि एक वही.

वहीत लिहिलं होतं : 'मेंढा, वय बावन्न. उठल्याउठल्या पितो. बायकोशी बोलत नाही.' त्याखाली : 'मेंढा, एकोणतीस. गोळ्याही घेतो. नोकरी गेली.'

"मालानमावशी, हे काय आहे?"

"मेंढे आहेत," मालानबाई टाका न चुकवता म्हणाल्या. "गावात माणसं दोनशे दहा. नुसता खोकला ऐकला तरी कोण ते कळतं. मग स्वतःबद्दल कोण बोलणार? मेंढा सगळ्यांकडे असतो."

माझी पूर्वीची नोकरी बंदराच्या कचेरीत होती. वाऱ्याचा जोर आणि बोटींच्या वेळा, एवढंच माझ्यातून जायचं. अठरा वर्षांपूर्वी मला इथे आणलं. पहिले तीन महिने लोक फोन करायचे, माझ्यात श्वास सोडायचे आणि ठेवून द्यायचे. मग एकदा एकजण म्हणाला, "आमचा मेंढा फार पितो हो." मालानबाईंनी शांतपणे विचारलं, "किती?" त्या दिवसापासून धंद्याचा जम बसला.

मध्यंतरी राजधानीतल्या एका अधिकाऱ्यानं आमचा वार्षिक अहवाल वाचला. व्यसनी माणसं शून्य, व्यसनी मेंढे चौदा. त्यानं घाबरून गुरांचा डॉक्टर पाठवला. बिचाऱ्यानं दोन दिवस डोंगर चढून मेंढ्यांची तोंडं हुंगली. गावानं त्याला भरपूर वाळवलेलं मटण देऊन निरोप दिला. खरं कुणीच सांगितलं नाही.

सुन्वाला हे सगळं भयंकर वाटलं. "कबुली ही पहिली पायरी असते, मावशी! खोट्यावर मुक्ती उभी राहत नाही."

"बरं," मालानबाई म्हणाल्या. "पुढचा फोन तू घे."

पुढचा फोन झाकारिसचा होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, एकटा राहणारा, साठीचा माणूस. श्वास आत ओढत 'हो' म्हणायची त्याची पद्धत मी हजारांत ओळखेन.

"मेंढ्याबद्दल विचारायचं होतं," तो म्हणाला. "तीस वर्षं पितोय."

"मेंढा तीस वर्षं जगत नाही," सुन्वा म्हणाली.

"हा जगलाय. आता सोडायचं म्हणतोय. उद्या सकाळी नऊ वाजता सगळ्या बाटल्या समुद्रात ओतणार. एक थेंब ठेवणार नाही. मग त्याला काय..."

"झाकारिसकाका, मेंढा नाही. तुम्ही पिता. म्हणा एकदा, मी पितो."

 माझ्यात फोन ठेवल्याचा आवाज आला.

मालानबाईंनी सुया खाली ठेवल्या. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अगं पोरी, त्याला एवढंच सांगायचं होतं, की एकदम तोडू नको, आधी डॉक्टर. तीस वर्षांची दारू एका सकाळीत थांबवली तर झटके येतात. जीवही जातो."

"मला माहीत आहे! मी त्यावर प्रबंध लिहिलाय!"

"मग त्यात मेंढा घालायचा होतास."

सुन्वा तडक त्याच्या घरी गेली. दोन तासांनी परतली ती रडकुंडीला येऊन. त्यानं कॉफी दिली, केक दिला, हवामान सांगितलं, पुन्हा कॉफी दिली. खिडकीत बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. तिनं डॉक्टरांचं नाव काढलं की तो इंजिनातल्या तेलावर जायचा. शेवटी तिनं हार मानून मेंढ्याची चौकशी केली.

"तर मला म्हणतात, कुठला मेंढा? मी दहा वर्षांत मेंढा पाळलेला नाही!"

"समोरासमोर कसा असेल?" मालानबाई म्हणाल्या. "मेंढा फोनवरच असतो."

"मग तुम्ही करा ना त्यांना फोन!"

"आपण कुणाला करायचा नसतो. नियम आहे तो. मीच केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुन्वा आली. कोट न काढता उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग तिनं मला उचललं आणि बटणं दाबली. अठरा वर्षांत पहिल्यांदा इथून कुणी माझ्यावरून बाहेर फोन लावत होतं. खोटं कशाला सांगू, मीच घाबरलो.

"हॅलो. मदतीच्या फोनवरून बोलतेय. काल मी तुमच्या मेंढ्याला वाटेल ते बोलले. त्याची माफी मागायची होती."

 आत ओढलेला तो श्वास. "हो."

"आज ओतू नका. डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू सोडायचं असतं. साडेआठची वेळ घेतलीय मी. नाव दिलेलं नाही."

"तो एकटा जाणार नाही. भित्रा आहे. लहानपणापासून."

"मी गाडी घेऊन येते."

"मागे बसवणार त्याला?"

"पुढे. माझ्या शेजारी."

"बरं," झाकारिस म्हणाला.  "दाढी करून ठेवतो त्याची."

ती मला नीट न ठेवताच जिन्याकडे पळाली. मी मेजावर आडवा पडून आहे, मालानबाई अजून यायच्या आहेत. तुमच्याही गावात माझ्यासारखा एखादा असेल. त्याला फोन करा. मेंढा नसला तरी चालेल.