सावलीतले घड्याळ

मित्रांनो, काटे नाहीत, टिकटिक नाही, तरी मी घड्याळच आहे. मनगटावर बांधायचं डिजिटल घड्याळ. आता जुना झालो आहे, पण एकेकाळी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला माझ्यासाठी माणसांची झुंबड उडाली होती!

माझ्या दोन काचांमध्ये एका अजब द्रवाचा पातळ थर आहे. त्याला द्रवस्फटिक म्हणतात. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे लांबट रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे एका दिशेने ओळीत राहतात. वीज मिळाली की त्यांतले काही दिशा बदलतात, तिथला उजेड अडतो आणि काळा आकडा उमटतो. मी फार तापलो तर मात्र ती ओळच मोडते आणि माझं सगळं तोंड काळं पडतं. गार झालो की रेणू आपले आपण ओळीत येतात. एवढीच माझी खोड. पण रोहण्याच्या लग्नमंडपात ती कुणालाच ठाऊक नव्हती.

साल त्र्याऐंशी, मे महिना. नत्थूजींनी लेकीच्या, अनुसयाच्या लग्नात जावयाला द्यायला मला नागपूरहून आणलं. आंदणाच्या भांड्यांशेजारी पितळी ताटात मला मांडलं आणि बघ्यांची झुंबड उडाली. वरबाप महादेवराव कारंजाहून ट्रकभर वऱ्हाड घेऊन आले. मला पाहून खूश झाले.

"इथं अंधार हाय. लोकायले दिसलं पायजे. भाईर ठेवा," ते म्हणाले.

मला ताटासकट उन्हात ठेवलं. ताट तव्यासारखं तापलं. मुहूर्ताआधी नवरदेव रूपराव मला घ्यायला आला, तेव्हा माझं तोंड काळं ठिक्कर होतं.

"काऊन हो नत्थूजी, बंद घड्याळ देता आमाले?" महादेवराव ओरडले. "घड्याळ असं, तं पोरगी कशी असन?"

"सकाळी चांगलं होतं जी. तुमीच पाह्यलं." नत्थूजींनी डोक्यावरचं पागोटं काढून त्यांच्या पायांवर ठेवलं. महादेवरावांनी ते पायाने सरकवलं, मला पाण्याच्या रांजणाकडे भिरकावलं आणि वऱ्हाड उठवलं. रूपराव मान खाली घालून बापामागे चालू लागला.

रांजणाजवळच्या ओल्या मातीत मी गार झालो. अनुसयाने मला उचललं. "बाबा, हे पाहा! आकडे आले!" ती हळदीच्या हातांनी मला उंच धरून धावली. मलाही वाटलं, आता सगळं सावरेल. पण ट्रक गावाबाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशी नत्थूजी मला घेऊन एसटीने कारंजाला गेले. महादेवरावांनी मला उलटसुलट पाहिलं.

"हो, चालते," म्हणाले आणि मला रूपरावच्या मनगटावर बांधलं.

"अन् माही अनुसया?"

"मांडवातून वापस फिरलेली पोरगी कोण करन जी?"

नत्थूजी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही.

त्याच महिन्यात रूपरावचं दुसरीकडे लग्न झालं. मी त्याच्या हातावर होतो आणि आकडे अगदी बरोबर दाखवत होतो. मला स्वतःची किळस आली. अनुसयाचं पुढे काय झालं, ते मला कधी कळलं नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू काळी पडली तर आधी ती सावलीत ठेवून पाहा. माझी काळजी मात्र रूपरावच्या घरात उत्तम घेतली गेली. एकदा तिथल्या उन्हात मी पुन्हा काळा पडलो आणि सावलीत येताच सावरलो; तेव्हापासून मला कुणी अंगणात नेऊ लागलं की महादेवराव आतून ओरडत.

"त्याले ऊन सोसत नाई. सावलीत ठेवजो!"